टायकोचे पांढरे पट्टे

पौर्णिमेला चंद्राच्या दक्षिण भागातून निघालेले दिसतात ते पट्टे म्हणजे डोंगररांगा का असं विचारलंय, तर नाही, डोंगर नाहीत ते, अवकाशातला मोठा धोंडा आदळून टायको विवर (खड्डा) तयार झालं तेव्हा चहूकडे उडालेल्या मालाचा सडा आहे तो. विवर स्वतः साधारण ८५ किमी रुंद, पण काही पट्टे पार हजार-दीड हजार किमी गेलेत!! चंद्रावर सौर वारा (सूर्याकडून येणारे कण) आणि बारीक उल्कांच्या माऱ्याने माती हळूहळू काळवंडते, टायको तुलनेने तरुण म्हणून अजून इतकं उजळ आहे. तरुण म्हणजे तरी सुमारे १० कोटी ८० लाख वर्षं. हे वय कळलं कसं तर चंद्रावर उतरलेल्या अपोलो १७ मोहिमेच्या अंतराळवीरांनी १९७२ ला आणलेल्या नमुन्यांवरून, आणि ते उतरले होते टायकोपासून दोन हजार किमीहून लांब, तिथली दरड टायकोच्याच मालाने कोसळली असावी असं मानतात, म्हणून दरडीचं वय तेच टायकोचं, मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

एक मात्र करा, पट्टे पौर्णिमेला बघा पण विवराच्या कडा आणि मधलं शिखर बघायचं असेल तर शुक्ल अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी टेलिस्कोप लावा, तेव्हा तिथे नुकतं उजाडलेलं असतं आणि सावल्या मस्त लांब पडतात. त्या शिखराच्या माथ्यावर शंभरेक मीटरचा एक धोंडा बसलाय, चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने काढलेला फोटो नक्की शोधून बघा.