'71 टक्के मृत्यू अतिवेगाने' म्हणणाऱ्यांनी एकदा फिर्याद वाचावी

घाटवाट
काल इथे एकाने ठासून लिहिलं: 2022 च्या केंद्राच्या अहवालात 71 टक्के अपघाती मृत्यू अतिवेगामुळे, तेव्हा रस्त्यांच्या नावाने गळे काढणं बंद करा. अहो, पण तो वेग मोजला कुणी? आपल्याकडच्या फिर्यादीतलं वाक्य ठरलेलं असतं: 'रस्त्याचे परिस्थितीकडे दुर्लक्ष करून हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून'. म्हणजे रस्ता खराब, हाही चालकाचाच गुन्हा! तेच वाक्य पुढे 'अतिवेग' या रकान्यात जाऊन बसतं.

खाकी_सेवानिवृत्त
हौसेने लिहीत नव्हतो. बेदरकार वाहन चालवण्याचं आयपीसी कलम 279 (आता भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे बीएनएसचं, 281) लावायचं तर ते शब्द लागतातच. रात्री दोनला जखमी उचला, वाहतूक मोकळी करा, पंच शोधा. सगळं एकट्याने. आणि त्याच अहवालात खड्ड्यांचाही रकाना आहे: 1,856 मृत्यू. लपवलं कुठे?

मृण्मयी
1,68,491 मृत्यूंपैकी 1,856? पटतं तुम्हाला? माझा आत्येभाऊ खड्ड्यात आदळून पडला, दुसरं वाहनच नव्हतं. गुन्हा त्याच्यावरच, निष्काळजीपणाचा. नंतर त्याला शेजारच्या जिल्ह्यात हलवलं, तिथे तो गेला. तीस दिवसांत गेलेला माणूस अपघाती मृत्यूंत धरायचा असा नियम आहे. पण तो गेल्याचं पहिल्या ठाण्यात कळवायचं कुणी? आम्ही खेटे घातले तेव्हा कागद पोचला.

सोलापूरकर
हेल्मेट होतं का?

मृण्मयी
होतं. आणि नसतं तर खड्डा बुजला असता का? गेलेल्या माणसाची उलटतपासणी करता, काही वाटतं का?

सोलापूरकर
भावना समजतात. पण त्याच 2022 च्या अहवालात हेल्मेट नसलेले 50,029 जण गेले. त्यावर कुणीच बोलत नाही. आमच्या गल्लीत हेल्मेट आरशाला लटकवून हिंडतात.

घाटवाट
तोही रकाना बघा कसा भरतात. हवालदार पोचेपर्यंत लोकांनी जखमीला रिक्षात घालून नेलेलं असतं. डोक्यावर हेल्मेट होतं की नव्हतं, हे बघ्यांना विचारून लिहायचं.

सोलापूरकर
म्हणजे तुम्हाला नको ते सगळे आकडे खोटे. छान.

खाकी_सेवानिवृत्त
हेल्मेट पुरे. आता आयरॅड आलंय, अपघाताची नोंद करायची केंद्राची ऑनलाइन प्रणाली. जागेवरून फोटो, अक्षांश-रेखांश जातात. रस्त्याची पाहणी रस्ते खात्याचा इंजिनिअर भरतो, गाडीची आरटीओवाला.

मृण्मयी
ज्याच्या खात्याने रस्ता बांधला, तोच सांगणार रस्ता सदोष आहे म्हणून?

घाटवाट
अगदी हेच. राष्ट्रीय महामार्गावर ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरायला 500 मीटरच्या टापूत तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात लागतात, नाहीतर दहा मृत्यू. नोंद चुकीच्या किलोमीटरवर पडली की ते वळण यादीत येतच नाही. मग दुरुस्तीला पैसा कुठून येणार?

खाकी_सेवानिवृत्त
बरं, रस्त्याचा रकाना त्रयस्थाने भरावा, एवढं मान्य. पण त्यासाठी ठाण्याला माणसं द्या आधी. हवालदाराला खोटारडा ठरवाल तर ऐकून घेणार नाही.