कनिष्क खटला : पुरावा नव्हता की टिकवला नाही?

‘कनिष्क खटल्यात पुरावाच नव्हता, म्हणून आरोपी सुटले’ हे मत अनेकदा ऐकू येते; मला ते अर्धेच पटते. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडनजीक अटलांटिकवर एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान बॉम्बने फुटले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी जपानमधील नारिता विमानतळावर बॉम्ब असलेली दुसरी बॅग फुटून दोन कामगार ठार झाले. तिथल्या अवशेषांत बॉम्ब लपवलेल्या सान्यो रेडिओ ट्यूनरचे तुकडे मिळाले आणि त्यांच्या आधारे तपास कॅनडातील डंकन गावच्या दुकानापर्यंत, इंद्रजितसिंग रेयातच्या खरेदीपर्यंत पोचला. कनिष्कचे अवशेष मात्र सुमारे दोन किलोमीटर खोल समुद्रात होते.

तरीही हाती असलेले काही घालवले गेलेच. कॅनडाच्या गुप्तचर यंत्रणेने कटाचा सूत्रधार मानल्या गेलेल्या तलविंदरसिंग परमारच्या दूरध्वनी संभाषणांच्या बहुतेक फिती पुसून टाकल्या. आरोपी अजायबसिंग बागरीविरुद्ध पोलिसांना जबाब देणारे पत्रकार तारासिंग हेयर यांची १९९८ साली हत्या झाली, त्यामुळे तो जबाब न्यायालयात वापरताच आला नाही. उरलेले मुख्य साक्षीदार न्यायमूर्ती जोसेफसन यांना विश्वासार्ह वाटले नाहीत, आणि १६ मार्च २००५ रोजी रिपुदमनसिंग मलिक व बागरी हे दोघे आरोपी कॅनडातील व्हँकूव्हरमध्ये निर्दोष सुटले. निकाल कितीही बोचला, तरी त्या पुराव्यावर वेगळा निकाल कसा देता आला असता, हे मला दिसत नाही. शिक्षा झालेला एकटा रेयात. त्यालाही पुढे याच खटल्यात खोटी साक्ष दिल्याबद्दल नऊ वर्षांची वेगळी शिक्षा झाली.