मदत हवी आहे : तंजावर, एकच दिवस

मांडवीकर : पुढच्या आठवड्यात बडोद्याहून निघतोय, आईही येतेय. मोठं मंदिर (बृहदीश्वर), तिथला मराठी शिलालेख, राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, सगळं एका दिवसात बसतं का? आधी काय बघावं? आजच तिकिटं काढायची आहेत, लवकर सांगा.

रावपुरा_६४ : कोणता वार? मुक्काम कुठे? काकूंना चालवतं का?

दांडियाबाजार : मंदिर उघडताच पोहोचा. दुपारी बंद होतं, चारच्या सुमारास उघडतं. अनवाणी फिरायचं असतं आणि अकरानंतर फरशी अशी तापते की पाय टेकवत नाही. शिलालेख आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे, भिंतीवर आहे. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला. आम्ही एकेक ओळ बोटाने धरून वाचत होतो. परमुलखात आपली भाषा दगडावर बघून भरून येतं.

नटराज : सकाळी नको, संध्याकाळीच जा! १०१० चं राजराज चोळाचं शिखर, ६० मीटरहून उंच. उतरत्या उन्हात सोन्यासारखं दिसतं.

दांडियाबाजार : अंधारात शिलालेख कसा वाचणार?

वाटसरू : माझं ऐकाल तर कुंभकोणमजवळ दारासुरमच्या चोळकालीन मंदिराला जा. गर्दी नाही, कोरीवकाम जास्त नाजूक.

सुरसागर : बडोदेकरांनी तर तंजावरला जायलाच हवं. सयाजीरावांच्या पहिल्या राणीसाहेब चिमणाबाई तिथल्याच. १८८० मध्ये लग्न होऊन आल्या, त्यांच्याबरोबर तिथल्या नर्तकी आणि वादकही आले. भरतनाट्यम बडोद्यात आलं ते असं.

मांडवीकर : दारासुरमचं मी विचारलेलंच नाही. आई बहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात. मुक्काम त्रिचीला, तंजावर बुधवारी.

रावपुरा_६४ : अहो, हे आधी सांगायचं! सरस्वती महालाचं संग्रहालय बुधवारी बंद असतं. गुरुवार करा. त्रिचीहून साठेक किलोमीटर आहे, पहाटे गाडी करून निघा. आधी मंदिर आणि शिलालेख, ऊन चढलं की राजवाडा. तिथल्या कलादालनात चोळांच्या ब्राँझ मूर्ती आहेत, त्यांच्यासमोर निवांत थांबा. मनोऱ्याच्या पायऱ्या काकूंना चढायला लावू नका.

नटराज : आणि चार वाजता पुन्हा मंदिरात. शिखर तेव्हाच बघा.

दांडियाबाजार : हे मात्र पटलं. काकूंसाठी जाड मोजे घ्या.

मांडवीकर : गुरुवारची तिकिटं बघतो. राजवाड्याजवळ आईला बसून जेवता येईल असं साधं शाकाहारी ठिकाण कुठलं?