तळे, कुरण आणि दगडी घर : जमिनीवर कायमचे बंधन घालावे का?

माळरान (धागाकर्ता)

पेन्सिल्व्हेनियातील चेस्टर काउंटीत, आमच्या घरापासून वीस मिनिटांच्या अंतरावर, अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले एक दगडी शेतघर विक्रीस निघाले आहे. सोबत 24 एकर जमीन असून तीत एक लहान तळे आणि घोड्यांचे कुरण आहे. आम्ही दोन मराठी कुटुंबे मिळून ते घेण्याचा विचार करीत आहोत. खरेदीनंतर लगेच जमिनीवर 'कॉन्झर्व्हेशन इझमेंट' नोंदवावे, म्हणजे पुढे मालक कोणीही असला तरी तिचे प्लॉट पाडता येणार नाहीत, असे माझे मत आहे. दुसऱ्या कुटुंबाला ते मान्य नाही.

ही मालमत्ता तीन वस्तूंची नसून एकच आहे, असे मी मानतो. तिथला गोठा या भागातल्या जुन्या पद्धतीचा, उतारात रुतवून बांधलेला आहे : चढाकडून गवताची गाडी थेट वरच्या मजल्यावर जाते आणि उताराकडून जनावरे खालच्या मजल्यावर येतात. समोरचे कुरण विकून टाकले, तर हा गोठा कशासाठी असा बांधला हे पुढच्या पिढीला सांगूनही कळणार नाही. याच काउंटीत 1984 साली किंग रँच या गुरेपालन कंपनीची 5,000 एकरांहून अधिक जमीन विकसकांच्या हाती जाईल अशी भीती होती. ब्रँडीवाइन कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या पुढाकाराने ती घेतली गेली आणि बंधने घालून मोठ्या तुकड्यांत विकली गेली. आज तिथे घोडे चरताना दिसतात, ते त्या निर्णयामुळे. आमच्या आजोळचा वाडा वाटण्यांमध्ये खोली-खोलीने संपलेला मी पाहिला आहे; तेव्हा लिहून ठेवलेले काहीच नव्हते.

हिशेबी

आपली तळमळ मला समजते, पण निष्कर्ष चुकीचा वाटतो. इझमेंट कायमचे असते. आज चाळिशीत असलेली दोन माणसे आपल्या पतवंडांच्या वतीने निर्णय घेणार, आणि पन्नास वर्षांनी त्या भागाला शाळा, दवाखाना किंवा परवडणारी घरे हवी असली तरी तो बदलणे जवळजवळ अशक्य असणार. चेस्टर काउंटीत काम करणाऱ्या कितीतरी लोकांना तिथे घर घेणे परवडत नाही. एकेक 24 एकर कुलूपबंद करीत गेल्यास त्यांच्यासाठी जागा कुठून येणार, याचे उत्तर आपल्या लेखात नाही.

शिवाय सौम्य मार्ग आधीच उपलब्ध आहे. राज्याच्या 1974 च्या 'क्लीन अँड ग्रीन' कायद्यानुसार शेतीच्या वापरात किमान 10 एकर असतील, तर कर बाजारभावावर न बसता वापरमूल्यावर बसतो. वापर बदलला तर जास्तीत जास्त 7 वर्षांच्या कराचा फरक 6 टक्के व्याजासह भरावा लागतो. म्हणजे जमीन राखण्याचे बक्षीस मिळते आणि परतीची वाटही उरते.

चुनखडी

दोघेही जमिनीविषयी बोलत आहात आणि घर मागे राहिले आहे. जमिनीवरचे इझमेंट घराला आपोआप वाचवत नाही. घराचा दर्शनी भाग आणि गोठा त्यात स्वतंत्रपणे लिहावा लागतो. घर राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदणीत असले, तरी खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने ते पाडायचे ठरवल्यास केवळ ती नोंद त्याला अडवू शकत नाही. अडवला तर तो टाउनशिपचा, म्हणजे काउंटीखालच्या स्थानिक प्रशासनाचा, नियम अडवेल. जीर्णोद्धारासाठी मिळणारी केंद्रीय 20 टक्के करसवलतही उत्पन्न देणाऱ्या इमारतींसाठी आहे, स्वतः राहण्याच्या घरासाठी नाही.

मी स्वतः असे घर दुरुस्त केले आहे. आधीच्या मालकाने भिंतींच्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. चुन्याची दरज ओल बाहेर सोडते, सिमेंटची सोडत नाही. ओल दगडात साचते, हिवाळ्यात गोठते आणि दगडाचे पापुद्रे निघू लागतात. ते सिमेंट छिन्नीने काढून पुन्हा चुना भरण्यात आमचे दोन उन्हाळे गेले. 1978 पूर्वीच्या घरात शिशाच्या रंगाची शक्यता धरावीच लागते. त्याच्या तपासणीसाठी खरेदीदाराला मिळणारे 10 दिवस सोडू नका.

लगाम

मी सात वर्षे घोडे पाळते, म्हणून कुरणाबद्दल लिहिते. आमच्या भागात एका घोड्यामागे साधारण दोन एकर चराई धरतात. त्याहून दाटी झाली की गवत जाऊन चिखल उरतो. एक घोडा दिवसाला सुमारे 22 किलो लीद टाकतो, आणि पेन्सिल्व्हेनियात शेतात लीद पसरणाऱ्या लहान मालकालाही तिच्या व्यवस्थापनाचा लेखी आराखडा ठेवावा लागतो. उतारावरचे कुरण तळ्यापर्यंत भिडले असेल, तर काठावर कुंपण घालून गवताचा आणि झुडपांचा पट्टा राखा, नाहीतर पाणी हिरवे होईल. कुंपणालगत रेड मेपल असल्यास त्याची सुकलेली पाने घोड्याला विषारी ठरतात. वादळात फांदी पडली की आम्ही त्याच दिवशी उचलतो.

माळरान यांच्याशी मी सहमत आहे. शेजारचे कुरण गेले की घोडेस्वारीच्या वाटा तुटतात, आणि तुटलेली वाट पुन्हा जोडलेली मी एकदाही पाहिली नाही.

हिशेबी

तळ्याचा विषय निघालाच आहे. ते नैसर्गिक आहे की मातीचा बांध घालून केलेले? बांध असेल तर जबाबदारी मालकाची. याच राज्यात 31 मे 1889 रोजी साउथ फोर्कचा बांध फुटला आणि जॉन्सटाउनमध्ये 2,209 माणसे गेली; ते तळे एका श्रीमंतांच्या क्लबने मासेमारीसाठी आणि विहारासाठी ठेवलेले होते. आपले तळे त्याच्यापुढे थेंबाएवढे आहे हे मान्य, पण खालच्या अंगाला कोणाचे तरी घर असेलच.

माळरान

बांध मातीचाच आहे. त्यावर दोन मोठी झाडे उभी आहेत आणि सांडव्याच्या तोंडाशी गाळ साचलेला दिसला. मुळे कुजली की त्यांच्या पोकळीतून पाणी वाट काढते, हे मला ठाऊक असायला हवे होते आणि मी झाडांच्या सावलीचेच कौतुक करून आलो. बांधाची तपासणी अभियंत्याकडून झाल्याखेरीज आम्ही किंमत सांगणार नाही.

घरांच्या टंचाईबद्दल मात्र मी हटत नाही. या 24 एकरांचे प्लॉट पडले, तर तिथे मोठाले बंगलेच येतील. विहीर आणि सेप्टिक टाकीवर चालणाऱ्या जमिनीत दाट वस्ती बसत नाही. परवडणारी घरे जिथे सांडपाण्याची वाहिनी आणि रेल्वे आहे, तिथे डाउनिंगटाउन किंवा कोट्सव्हिलमध्ये बांधली जावीत, आणि त्यासाठी टाउनशिपच्या बैठकीत मी आपल्या शेजारी उभा राहीन.

हिशेबी

बैठकीला जरूर येईन. तरीही रस्त्यालगतचे दोन एकर इझमेंटबाहेर ठेवा, असे माझे शेवटपर्यंत म्हणणे राहील.

चुनखडी

त्याच दोन एकरांत गोठ्याकडे जाणारी जुनी गाडीवाट असेल, तर ते बाहेर ठेवू नका. आधी नकाशा पाहा.