गिरणीचा भोंगा ऐकलेले कोण कोण आहेत इथे? (सोलापूरकर, या!)

जुन्यापेठेतला
2025 च्या 7 मेला मुंबईत हवाई हल्ल्याच्या मॉकड्रिलचा भोंगा वाजला. ऑफिसातले सगळे मोबाईल काढून खिडकीशी धावले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसरा झाला, आजोबा निघाले." शेजारचा बघतच राहिला.

आमचं घर गिरणीच्या हाकेवर. पहिल्या भोंग्याला आजी चूल पेटवायची, दुसऱ्याला आजोबा चपला घालायचे, तिसऱ्याला आत नसलात तर फाटक बंद आणि रोज बुडाला. घरात घड्याळ नव्हतं, लागलंच नाही कधी. गल्लीत बाळ जन्मलं की वेळ "दुपारच्या भोंग्याच्या जरा आधी", आणि त्यावर पत्रिकासुद्धा झाल्यात (माझीच. म्हणून ग्रह असे). नव्वदीत गिरणी बंद पडली तेव्हा आईनं पहिल्यांदा भिंतीवरचं घड्याळ आणलं, कारण माझी शाळा चुकायला लागली.

आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर. जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे कानानं अधू, पण ओठ वाचायचे. ओट्यावर दोन बायका कुजबुजत असल्या तरी ह्यांना इकडे सगळं कळायचं. आजी म्हणायची, "यांच्यापुढं तोंडावर पदर धरून बोला गं."

तुमच्याकडचं लिहा. गिरणी कुठलीही चालेल.

कडकभाकरी
काय आठवण काढलास बे!! मी डबे पोचवणाऱ्यांतला. काकांचा, शेजारच्या दोघांचा आणि वरच्या मामांचा, असे चार. सगळे ॲल्युमिनियमचे एकसारखे, वर फडकं. ओळख फक्त गाठीवरून. काकूची गाठ दुहेरी, मामींची कानवाली. एकदा फाटकावर गडबडीत उलटसुलट झालं आणि आमच्या माळकरी काकांना मामांचं अंड्याचं कालवण गेलं. संध्याकाळी मी मार खायच्या तयारीत. काका आले, हातपाय धुतले आणि हळूच विचारलं, "ती बटाट्याची भाजी कुणी केलती रे?"

निळीशाई
@कडकभाकरी 😂😂 बटाटा!

काळाकोट
लॉ कॉलेजात ओळख करून देताना म्हणालो सोलापूर. सर म्हणाले, "सोलापूर कशासाठी प्रसिद्ध?" मी छाती फुगवून, "चादर!" सर म्हणाले, "कलम 14. बसा." (राज्यघटनेतलं, कायद्यापुढं सगळे समान सांगणारं.)
आपली जुनी मिल (सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग) 1949 च्या ऑगस्टात बंद पडली, आणि जानेवारी 1950 मध्ये केंद्रानं वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला. चरणजित लाल चौधरी नावाचे भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेले, की एकट्या या कंपनीसाठी कायदा हा कुठला न्याय? ते हरले. पुढं त्याच मिलवरून द्वारकादास श्रीनिवास 1953 मध्ये जिंकले. अख्ख्या देशातली पोरं आपली मिल पाठ करतात आणि आपल्या पोरांना ती कुठं होती ते माहीत नाही.

कडकभाकरी
वकीलसाहेब, फी किती झाली?

लालबागची_मी
सोलापूरचं नाही, पण राहवत नाही. आमचं मुंबईतलं गिरणगाव. 18 जानेवारी 1982 ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर. बाबा "महिनाभरात येतो" सांगून गावी कणकवलीला गेले ते भात लावूनच परतले. तोवर आई खानावळीचे डबे करायला लागली होती. संप अधिकृतपणे मागे घेतलाय असं कुणी कधी जाहीरच केलं नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यावरून आई बाबांना शेवटपर्यंत म्हणायची, "तुमचा संप चालूच आहे ना, मग उठा, लादी पुसा."

सुपातलीबिडी
वडलांची गिरणी बंद झाली तेव्हा मी चौथीत. घर आईच्या सुपावर चाललं, म्हणजे बिड्या वळून. पान रात्री भिजवायचं, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा. तोंडं दाबायचं काम माझं, शाळेत बोटांना वास यायचा म्हणून हात बाकाखाली. हजार बिड्या म्हणजे पंचवीसचे चाळीस कट्टे. आई नेऊन द्यायची, तिथं हातात घेऊन बघायचे आणि मूठभर छाटात टाकायचे. छाटाचे पैसे नाहीत. माझ्याच हातच्या निघाल्या असतील असं मला दरवेळी वाटायचं.
वडील तेव्हा बोलायचेच नाहीत. एक दिवस काही न सांगता सुपाशेजारी येऊन बसले, आणि आईपेक्षा सुबक वळल्या. गिरणीत मागावर बसलेला हात ना. आईला राग आला होता, खरं सांगते.

निळीशाई
😔 ताई, लिहीत राहा.

जुन्यापेठेतला
@सुपातलीबिडी हे वाचून मघाचं सगळं विसरलो.

तातय्याचानातू
आमची मंडळी तेलंगणातून आलेली पद्मशाली, म्हणजे विणकर. आजोबा दिवसा गिरणीत आणि रात्री घरच्या मागावर. खोली एकच. माग मधोमध, आम्ही त्याच्या भोवती झोपायचो. लोक विचारतात आवाजात झोप कशी यायची. अहो, वीज गेली, माग थांबला की बाळं दचकून उठायची! नायनम्मा (आजी) मग ताटलीवर उलथनं वाजवत बसायची वीज येईपर्यंत.
नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला कोण कोण येणार?

पार्कचौक
फोनवरून लिहितोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. गिरणी कामगारांचा विषय आणि 1930 नाही? गांधीजींना अटक झाल्यावर गिरण्यांतले लोक रस्त्यावर आले, 12 मेपासून शहरात मार्शल लॉ, गांधी टोपी घातली तरी धरायचे. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांचेच पुढारी. ते, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. आमचे पणजोबा त्या दिवसांत टोपी कोठीत ज्वारीखाली लपवायचे. पणजी ज्वारी काढताना आधी टोपी झटकायची. कुकरची शिट्टी झाली, येतो.

ठाणेकर_सून
विषय सोडून विचारते, रागावू नका. सोलापूरसारखी शेंगा चटणी घरी का जमत नाही? माझी भुगाच होते.

कडकभाकरी
मिक्सर वापरता ना? तिथंच घोळ. खलबत्ता घ्या आणि तेल सुटेस्तोवर कुटा.

ठाणेकर_सून
खाली राहणारे भांडायला येतील.

तातय्याचानातू
त्यांना आमच्याकडं पाठवा, मागाशेजारी झोपवतो 😄

जुन्यापेठेतला
धागा आईला फोनवर वाचून दाखवला. तिच्या दुरुस्त्या: एक, आजी चूल पहिल्या भोंग्याला नाही, त्याच्या आधीच पेटवायची, "भोंग्यावर उठणारी बाई ती नव्हती." दोन, घड्याळ तिनं आणलेलं नाही, तिच्या माहेरून आलंय. तीन, चटणीत जिरं विसरू नका म्हणावं. बिडीवाल्या ताईंचं मात्र दोनदा वाचायला लावलं. त्या कुठल्या पेठेतल्या, विचारतेय.