रिस्क ऑफ रेन २ : चौघं मिळून मॉन्सून कसा काढायचा?

हंट्रेस_जुळेसोलापूर

आम्ही चौघं शाळेपासूनचे. दोघं जुळे सोलापूरला, एक अक्कलकोट रोडला, एक नोकरीमुळं पुण्यात. रात्री जेवणं उरकली की रिस्क ऑफ रेन २ हा कॉम्प्युटर गेम लावतो. रेनस्टॉर्म या मधल्या पातळीवर मिथ्रिक्सला, म्हणजे शेवटच्या मोठ्या राक्षसाला (बॉसला), बऱ्याचदा पाडलंय, म्हणून आता मॉन्सून ही त्याच्यापेक्षा अवघड पातळी सुरू केलीय. पण चौथ्या स्टेजच्या पुढं गाडीच जाईना. तिसऱ्यापर्यंत सगळं बरं वाटतं, मग चौथ्यात टेलिपोर्टर (पुढच्या स्टेजला नेणारं यंत्र) चालू केला की दोन मिनिटांत तिघं आडवे, आणि उरलेला एकटा पळत बसतो.

टीम अशी: मी हंट्रेस, एक कमांडो, एक इंजिनिअर, एक आर्टिफिसर. पद्धत अशी की मॅप पूर्ण फिरायचा, सगळ्या पेट्या उघडायच्या, आणि जे निघेल ते चौघांना सारखं मिळेल असं बघायचं. एका स्टेजला नऊ-दहा मिनिटं जातात. नेम कुणाचाच वाईट नाही.

कॅरेक्टर बदलायची का? का वस्तू चुकीच्या घ्यायलोय? ज्यांनी चौघांत मॉन्सून काढलाय त्यांनी सांगा. नुसतं 'सराव करा' नको, सराव चालूच आहे.

विजापूर_रोड

नऊ-दहा मिनिटं फार होतात. मॉन्सूनमध्ये अवघडपणा रेनस्टॉर्मपेक्षा ५० टक्के जास्त वेगानं चढतो, आणि आपोआप भरणारी हेल्थ ४० टक्क्यांनी कमी असते. वर उजवीकडं अवघडपणाची ती पट्टी सरकत असते ना, तिच्याकडं बघत खेळा. पाच मिनिटांत स्टेज सोडायची सवय लावा. बाकी नंतर.

कडक_भाकरी

वरचं बरोबर आहे. पण नुसती घाई केली तर हातात वस्तू नसताना चौथ्या स्टेजला पोचाल आणि तिथंच मराल, फक्त लवकर मराल. मी इंजिनिअर खेळतो. आमचंही टोळकं चौघांचंच आहे, आणि मॉन्सून आम्ही नियमित काढतो. तुमचं लिहिलेलं वाचून मला खटकलं ते 'चौघांना सारखं'. सगळी गडबड त्यात आहे. ही भिशी नाही, की या महिन्यात तुझा नंबर, पुढच्या महिन्यात माझा.

या खेळात राक्षस मारल्यावर मिळणारा पैसा जिवंत असलेल्या खेळाडूंत वाटला जातो. म्हणजे चौघं असताना प्रत्येकाच्या हातात थोडाथोडाच येतो. पेटीतनं पडलेली वस्तू मात्र कुणीही उचलू शकतो. पेटी कुणाच्या पैशानं उघडली याला काडीचा अर्थ नाही. वस्तू कुणाच्या हातात जास्त काम करते एवढंच बघायचं. तुमच्या टीमपुरतं सांगतो.

सोल्जर्स सिरिंज निघाली की कमांडोला किंवा तुला. एकीनं मारायचा वेग १५ टक्के वाढतो, आणि तुम्ही दोघं सतत गोळ्या-बाण सोडत असता. आर्टिफिसरला देऊ नका. तिचे आगीचे गोळे ठरलेल्या वेळानंच परत भरतात, सिरिंजनं ते लवकर भरत नाहीत. तिला क्रोबार द्या. शत्रूची हेल्थ ९० टक्क्यांच्या वर असताना क्रोबारनं ७५ टक्के जास्त मार बसतो, आणि तिचा पूर्ण चार्ज केलेला नॅनो-बॉम्ब म्हणजे पहिला दणकाच मोठा. लेन्स-मेकर्स ग्लासेस दर नगाला १० टक्के क्रिट (जास्तीचा मार बसायची शक्यता) देतात. त्याही कमांडोकडं आणि तुझ्याकडंच साठू द्या, इकडंतिकडं एकेक विखरू नका. आर्टिफिसर चौघांत सगळ्यात आधी मरत असणार, बरोबर? तिला पळून सुटायला काही नाही. पहिला गोट हूफ (धावायचा वेग वाढतो) आणि पहिलं होपू फेदर (एक जादा उडी मिळते) तिचं, त्यावर चर्चा नको.

आता इंजिनिअर, हे नीट वाच. त्याच्याकडं असलेल्या वस्तू त्याच्या दोन्ही टरेटना (त्यानं लावलेल्या, आपोआप मारणाऱ्या तोफांना) पण लागू होतात. त्याला दिलेली एक वस्तू तीन ठिकाणी काम करते. त्यात सगळ्यात मोलाची म्हणजे बस्लिंग फंगस. तिचा नियम असा: ती ज्याच्याकडं आहे तो जागेवर स्थिर थांबला, की त्याच्याभोवती तीन मीटरच्या गोलात असलेल्या सगळ्या साथीदारांची हेल्थ सेकंदाला साडेचार टक्के भरते. माणूस मॉन्सूनमध्ये स्थिर थांबला की मेलाच. पण एका जागी बसणारं टरेट कायम स्थिरच असतं! म्हणून तुमच्या टीमला निघालेली प्रत्येक फंगस इंजिनिअरला गेली पाहिजे. मॉन्सूननं आपोआप भरणारी हेल्थ कापलेली असते, ती भरून काढायचा याच्यापेक्षा स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही. तिसऱ्या स्टेजपर्यंत चार-पाच फंगस झाल्या की गोलही चांगला मोठा होतो.

टरेट लावायची पण जागा असते. एक टेलिपोर्टरला अगदी चिकटून लावायचं. दुसरं त्याच्यापासून थोडं लांब, एखाद्या दगडाच्या किंवा खांबाच्या मागच्या अंगाला, पण टेलिपोर्टरच्या लाल गोलाच्या आतच. म्हणजे मार खाल्लेल्यानं कुठं पळायचं हे आधीच ठरलेलं असतं. स्टोन गोलेम या राक्षसाची बारीक लाल रेघ अंगावर येते, मग लुकलुकते, आणि लगेच लेझर बसतो. रेघ दिसली की या दगडामागं जायचं, तिथंच हेल्थ पण भरते. वाँडरिंग व्हेग्रंट हा बॉस असेल तर हा आडोसा लागतोच. तो अंग फुगवून मोठा स्फोट करतो, आणि मध्ये भक्कम काहीतरी असलं तरच तुम्ही वाचता. उघड्यावर कितीही लांब पळालात तरी बहुतेक वेळा पुरत नाही.

सर्व्हायव्हर्स ऑफ द व्हॉइड (२०२२ चं डीएलसी, म्हणजे वेगळा विकत घ्यायचा जोडभाग) घेतलं असेल तर आणखी एक सावधगिरी. वीपिंग फंगस नावाची जांभळी वस्तू दिसली तर इंजिनिअरनं तिला हात लावायचा नाही. ती उचलली की उचलणाऱ्याकडच्या सगळ्या बस्लिंग फंगस वीपिंग होतात, आणि वीपिंग फंगस धावतानाच हेल्थ देते. एका जागी बसलेलं टरेट धावणार कसं? तीन स्टेजची कमाई एका क्षणात जाते. ती तू घे. हंट्रेस धावता धावता बाण मारते, तुला ती शोभते.

वस्तू दाखवायला माऊसच्या चाकावर दाबून खूण करा. व्हॉइसवर 'अरे तिकडं, तिकडं' करण्यात लय वेळ जातो.

विजापूर_रोड

फंगसचं भारी सांगितलंस. पण मग पेट्या सगळ्या उघडायच्या का सोडायच्या? आमच्यात यावरनं दर वेळी वाद होतो.

कडक_भाकरी

पहिल्या दोन स्टेजला सोडायच्या नाहीत. सुरुवातीला छोटी पेटी २५ ला, मोठी ५० ला असते. नंतर अवघडपणाबरोबर भाव चढत जातात, त्यामुळं पैसा सगळ्यात जास्त सुरुवातीलाच पुरतो. चूक होते ती क्रमात. लोक पैसे जमेपर्यंत मॅपभर भटकत बसतात, सगळ्या पेट्या संपवतात आणि मग टेलिपोर्टर लावतात. उलटं करा. टेलिपोर्टर सापडेपर्यंत वाटेतल्या पेट्या उघडा, बाकीच्या खूण करून ठेवा, आणि टेलिपोर्टर लावा. तो चालू असताना राक्षसांची रांगच लागते, म्हणजे पैशाचीही. पूर्ण चार्ज झाला, बॉस पडला, की नवीन राक्षस येणं थांबतं. तेव्हा शांतपणे उरलेल्या पेट्या उघडा आणि निघा. खर्च न केलेला पैसा पुढच्या स्टेजला पैसा म्हणून येत नाही, त्याचा फक्त अनुभव होतो. त्यामुळं खिशात ठेवून काही उपयोग नाही.

माउंटन श्राइन दिसलं तर पहिल्या-दुसऱ्या स्टेजला दाबाच. बॉस वाढतात, पण बक्षीसही प्रत्येकामागं एक वस्तू जास्त. चौघं आहात, म्हणजे एका दाबात चार वस्तू जास्त. चौथ्या स्टेजला मात्र टीमची हालत बघून ठरवा.

टेलिपोर्टर पूर्ण व्हायला ९० सेकंद लागतात, पण ते सगळे गोलात असले तरच. चौघांतले दोघंच आत असतील तर वेग निम्मा. तुमचं 'टेलिपोर्टर लावला की दोन मिनिटांत तिघं आडवे' वाचून मला वाटतं की तुम्ही गोलाच्या बाहेर पांगताय. ९० सेकंदांचं काम तीन मिनिटांवर जातं आणि तेवढा वेळ राक्षस येतच राहतात. आमच्यात टेलिपोर्टर दाबायच्या आधी चौघंही तोंडानं 'आहे' म्हणतात. चौथं 'आहे' आल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

टफर_टाइम्स_फक्त

माझं मत थोडं वेगळं. टफर टाइम्स निघाली की पहिली दोन-तीन आर्टिफिसरलाच द्या. १५ टक्के वेळा मार लागतच नाही. एक माणूस स्टेजभर मेलेला असण्यापेक्षा तो जिवंत असलेला बरा. आणि थ्रीडी प्रिंटर (एक वस्तू घेऊन ठरलेली दुसरी देणारं यंत्र) कामाचा असेल तर स्क्रॅपरमध्ये (वस्तूचं भंगार, म्हणजे स्क्रॅप, करणाऱ्या यंत्रात) नको त्या पांढऱ्या वस्तू टाकून मगच प्रिंटरकडं जा. प्रिंटर आधी स्क्रॅप खातो, चांगली वस्तू वाचते.

कडक_भाकरी

टफर टाइम्सबद्दल मान्य. इंजिनिअरकडं तीही तीन ठिकाणी चालते, पण आर्टिफिसर खरंच सारखी पडत असेल तर तिलाच द्या.

हंट्रेस_जुळेसोलापूर

सगळ्यांचे आभार. काल रात्री फंगस इंजिनिअरकडं ढकलल्या आणि चौथी स्टेज पार झाली, स्काय मेडोपर्यंत (पाचवी स्टेज) गेलो! तिथं लाईट गेली, माझा वायफाय बंद आणि होस्ट मीच (खेळ माझ्याच मशीनवरनं चालतो), त्यामुळं चौघंही बाहेर फेकले गेलो. आता दोन प्रश्न. तिघं मेल्यावर उरलेल्यानं काय करायचं? आणि मॉन्सूनमध्ये मिथ्रिक्सचं काय?

कडक_भाकरी

आधी होस्टचं. ज्याच्या घरी इन्व्हर्टरवर राउटर चालतो तोच होस्ट. पुण्याच्या मित्राकडं सोय असेल तर त्याला करा. आणि हा खेळ चौघांत असताना एस्केप दाबून थांबत नाही. आमच्याकडं नळाला पाणी यायचा दिवस ज्याच्या घरी असेल, तो त्या रात्री खेळायला बसतच नाही. रनच्या (चालू डावाच्या) मध्येच उठून मोटार लावायला गेलेला माणूस गोलाच्या बाहेर उभा असतो, आणि टेलिपोर्टरचा वेग तोही धरूनच ठरतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी खेळत असाल तर लॅपटॉपखाली हवा जाईल असं बघा. तापून फ्रेम पडल्या की गोलेमची रेघ दिसतच नाही.

एकटा उरलेल्यानं मारामारी करायची नाही. मेलेले गोलाच्या हिशोबात धरत नाहीत, म्हणून तो एकटा आत असला तरी टेलिपोर्टर पूर्ण वेगानं भरतो. पैसाही सगळा त्यालाच येतो. त्यानं गोलाच्या कडेकडेनं फिरत राहायचं. बॉस उरला तर तोही फिरत फिरत लांबूनच मारायचा, आणि निघायचं. पुढच्या स्टेजला बाकीचे तिघं परत जिवंत येतात. हे काम तूच चांगलं करशील, कारण हंट्रेसला नेम धरायला थांबावं लागत नाही आणि ब्लिंक (क्षणात दुसरीकडं जायचा डाव) आहे. तिघं मेलेले गप्प बसले तर अजून बरं, त्या वेळी एकाच माणसाचा आवाज असावा.

मिथ्रिक्सकडं जाताना चंद्रावर (शेवटच्या स्टेजला) चार खांब चार्ज करावे लागतात. तिथंही पांगू नका, एकेक करून सगळ्यांनी मिळून. पहिल्या टप्प्यात तो हातोडा आपटतो, जमिनीवरनं लाट येते, तेव्हा उडी मारायची. टरेट मैदानाच्या कडेला लावा, मध्ये लावली तर तो ती आधी फोडतो. खरी परीक्षा चौथ्या टप्प्यात, कारण तो सगळ्यांच्या वस्तू काढून घेतो. त्याला मार बसेल तशा त्या परत येत जातात. त्या क्षणी फंगस नाही, सिरिंज नाही, म्हणजे तुमच्याकडं फक्त कॅरेक्टरचे मूळ डाव. त्यामुळं तिसरा टप्पा संपत आला की आर्टिफिसरनं नॅनो-बॉम्ब राखून ठेवायचा आणि इंजिनिअरनं बबल शील्ड (मार अडवणारा घुमट). वस्तू गेल्या रे गेल्या की शील्ड टाकायची, चौघांनी तिच्यात घुसायचं आणि सगळ्यांनी एकदम मारायचं. पहिल्या काही सेकंदांत जेवढं परत मिळेल तेवढं पुढचं सोपं.

शनिवारी रात्री आम्ही बसणार आहोत. तुमच्या आर्टिफिसरला एक रन आमच्यात खेळवायचा असेल तर इथंच कळव, आमचा कमांडो त्या रात्री नाही.