आजीचं उलटं घड्याळ

तुमच्या नर्स मावशी निवृत्तीनंतरही चादरीचे कोपरे वॉर्डातल्यासारखे घडी घालून गादीखाली खोचायच्या, हे वाचून हसूच आलं. आमच्या आजीचंही अगदी तेच! परळच्या केईएम रुग्णालयात नर्सिंग शिकलेली, काचेच्या सिरिंजा उकळायच्या जमान्यातली.

जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, आजोबांचा पगार थांबला. वर्षभरात आजी कुवेतला. चाळीत लोक काय काय बोलले ते सोडा, त्याच पैशांवर आईचं आणि मामाचं शिक्षण झालं.

मग 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. आजी बगदादमार्गे बसने जॉर्डनमधल्या अम्मानला, तिथून एअर इंडियाचं विमान. तेव्हा 1 लाख 70 हजारांहून जास्त भारतीय असे परत आणले गेले. मुंबईच्या सहार विमानतळावर उतरली तेव्हा हातात एकच पिशवी. त्यात माझ्यासाठी दूध पावडरचा डबा. मी सहा महिन्यांची होते.

आणि हो, ते घड्याळ. गणवेशावर पिनेने उलटं टांगलेलं, म्हणजे मान खाली केली की तिला सरळ दिसायचं, दोन्ही हात मोकळे. मला ताप आला की तेच लावून माझी नाडी मोजत बसायची. "बोलू नको, आकडा चुकतो."

गेल्या पावसाळ्यात गेली. शेवटच्या आठवड्यात मी तिची नाडी बघत होते, तर डोळे न उघडताच म्हणाली, "अंगठ्याने नको गं, स्वतःचीच लागते."